बायबलमधील प्रकाशरूपक आणि कार्ल्याचे चैत्यगृह

मावळ तालुक्यातील कार्ल्याच्या चैत्यगृहाचे वर्णन करताना जेम्स फर्ग्युसन या एकोणिसाव्या शतकातील वास्तुकलेच्या इतिहासकाराने एक तुलना केली आहे. (पुण्यातील महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते गव्हर्नर फर्ग्युसन हे नव्हेत.) मधला उंच मंडप, दोन्ही बाजूंस स्तंभांच्या रांगांनी वेगळ्या केलेल्या अरुंद वाटा आणि शेवटी अर्धवर्तुळाकार बाजू, ही रचना त्याला प्राचीन ख्रिस्ती उपासनागृहासारखी वाटली. इंग्लंडमधील नॉर्विच येथील कॅथीड्रलच्या अंतर्भागाशी त्याने तिची मापेही ताडून पाहिली. चर्चमध्ये जिथे वेदी असते तिथे कार्ल्यात स्तूप आहे, एवढाच काय तो फरक त्याच्या नजरेस आला. दर्शनी भागावरील भव्य कमानीतून आत येणारा प्रकाश नेमका स्तूपावर पडतो आणि बाजूच्या वाटा अंधुक राहतात, या योजनेची त्याने मोकळ्या मनाने प्रशंसाही केली.

मापांची तुलना करण्यास आमची हरकत नाही. परंतु मापांबरोबर अर्थही नकळत उचलला जातो. वेदीवर पडणारा प्रकाश आणि स्तूपावर पडणारा प्रकाश एकच गोष्ट सांगतात काय, हा प्रश्न फर्ग्युसनने विचारला नाही. तो त्याचा विषयही नव्हता. आपल्याला मात्र तो विचारावा लागतो. कारण प्रकाशाचे रूपक आज आपल्याही भाषणांत, गीतांत आणि वंदनेत सर्रास वापरले जाते. ते कोठून येते आणि ऐकणाऱ्याला कोणत्या जागी उभे करते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ख्रिस्ती धर्माची निंदा करण्याचा हेतू नाही. अहमदनगर आणि आसपासच्या भागात एकोणिसाव्या शतकात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांत महार आणि मांग समाजातील आपलेच भाऊबंद मोठ्या संख्येने होते. त्यांनी ज्या शब्दांत आशा शोधली ते शब्द आदराने वाचले पाहिजेत, आणि आदराने वाचायचे म्हणजे नीट तपासून वाचायचे.

१. बायबलमधील प्रकाश

बायबलचे पहिलेच पुस्तक, ‘उत्पत्ती’, प्रकाशापासून सुरू होते. देव आज्ञा करतो आणि प्रकाश होतो. हे पहिल्या दिवशी घडते. सूर्य आणि चंद्र मात्र चौथ्या दिवशी निर्माण होतात. हा क्रम वाचून अनेकांना हसू येते. वस्तुतः त्यात एक गंभीर विचार आहे. ज्या प्रदेशात हे लेखन झाले तेथील बलाढ्य राष्ट्रे सूर्यचंद्रांना देव मानीत होती. बायबलच्या लेखकाने त्यांची नावेही घेतली नाहीत. एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती, एवढेच म्हटले. सूर्य हा देव नसून निर्माण केलेली वस्तू आहे, असे त्याला सांगायचे होते. सूर्योपासना नाकारणारा हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

तथापि या क्रमात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि तो पाहणारा मनुष्य सहाव्या दिवशी येतो. म्हणजे प्रकाश डोळ्याच्या आधी आहे. तो मनुष्याने शोधलेला नाही, मनुष्यावर अवलंबून नाही. तो दिला गेला आहे. संपूर्ण बायबलभर प्रकाशाचा हा दिलेपणा कायम राहतो.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत या रूपकाला सामाजिक धार येते. आमोस हा गुराढोरांमागे फिरणारा मनुष्य. परमेश्वराच्या दिवसाची वाट पाहणाऱ्या आपल्या सुखवस्तू श्रोत्यांना तो बजावतो की, तो दिवस तुमच्यासाठी उजेडाचा नसून काळोखाचा असेल. कारण तुम्ही गरिबांना तुडवता. यशयाच्या ग्रंथाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाच्या ढोंगावर टीका आहे. जुलमाची बंधने सोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा द्या, बेघराला घरात घ्या, मग तुमचा प्रकाश पहाटेसारखा फुटेल, असा त्या उपदेशाचा आशय आहे. येथे प्रकाश कर्मकांडातून येत नाही, न्यायातून येतो. बायबलमधील प्रकाशरूपकाचे हे सर्वांत तेजस्वी स्थळ आहे, असे आमचे मत आहे. आणि ज्या मिशनऱ्यांनी येथे शाळा काढल्या त्यांच्यापैकी उत्तम माणसांनी हेच स्थळ जगून दाखवले, हेही मान्य केले पाहिजे.

योहानकृत शुभवर्तमानात रूपकाचे स्वरूप पालटते. येथे एक व्यक्ती स्वतःच प्रकाश होते. यरुशलेमात मंडपांच्या सणाला मंदिराच्या अंगणात मोठे दीप उजळण्याची परंपरा यहुदी वाङ्मयात नोंदलेली आहे. त्या सणाच्या प्रसंगांत येशू आपण जगाचा प्रकाश असल्याचे जाहीर करतो आणि पुढच्याच अध्यायात एका जन्मांध माणसाला दृष्टी देतो. शिष्य विचारतात : हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू उत्तर देतो की दोघांच्याही नव्हे. दुःख हे पूर्वपापाचे फळ आहे या समजुतीला दिलेला हा स्पष्ट नकार आहे. पूर्वजन्मीच्या कर्माच्या नावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्या समाजाला या नकाराचे मोल सांगावे लागत नाही. परंतु उत्तराचा दुसरा भाग असा की, देवाची कृत्ये याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून हा आंधळा जन्मला. पूर्वपापाचे कारण गेले आणि त्या जागी देवाचा हेतू आला. माणसाचे दुःख तरीही दुसऱ्याच कोणाच्या योजनेचा भाग राहिले.

याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रकाश हा न्यायाधीशही होतो. प्रकाश आला असता ज्यांनी तो स्वीकारला नाही त्यांना अंधार प्रिय होता, कारण त्यांची कृत्ये वाईट होती, असा तेथे निवाडा आहे. येथे मात्र थांबले पाहिजे. न स्वीकारणे हाच दोष ठरला की शंका घेणाऱ्याला जागा उरत नाही. विचारपूर्वक ‘नाही’ म्हणणारा आणि दुष्टपणाने तोंड फिरवणारा, असे दोघेही एकाच अंधारात ढकलले जातात. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दमास्कसच्या वाटेवर शौलाला दिसलेला प्रकाश तर त्याची दृष्टीच हिरावून घेतो. तीन दिवसांनी दुसऱ्याच्या हस्तस्पर्शाने ती परत मिळते.

या टीकेला ख्रिस्ती विचारवंतांचे उत्तर असेल, आणि ते ऐकून घेणे न्यायाचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांनाच जगाचा प्रकाश म्हणतो आणि दिवा मापाखाली झाकू नये असे सांगतो. तेथेच डोळा हा शरीराचा दिवा आहे असेही वचन आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात तर कसोटीच सांगितली आहे : जो भावाचा द्वेष करतो तो अद्याप अंधारात आहे, मग तो तोंडाने काहीही म्हणो. हे सर्व खरे आहे. परंतु शिष्यांचा प्रकाश हा अखेर दिलेला प्रकाश आहे. तो त्यांच्या ठायी उजळतो, त्यांच्यातून उत्पन्न होत नाही.

२. मराठीतील अरुणोदय

हे रूपक मराठीत आले तेव्हा त्याने कोणते रूप घेतले? अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे जे नियतकालिक सुरू केले त्याचे नाव ‘ज्ञानोदय’. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्या धर्मांतराची हकीकत सांगणाऱ्या आत्मचरित्राला त्यांनी ‘अरुणोदय’ हे नाव दिले. दोन्ही नावे सुंदर आहेत. दोन्हींत एकच चित्र आहे : रात्र होती, आता उजाडत आहे. बाबा पदमनजींच्या आयुष्यापुरते ते चित्र प्रामाणिक आहे, यात शंका नाही. विधवांच्या दुःखाविषयी ‘यमुनापर्यटन’ लिहिणाऱ्या या लेखकाने रात्र जवळून पाहिली होती.

पण उदय हा क्षितिजावर होतो. तो होण्यासाठी पाहणाऱ्याला काही करावे लागत नाही; फक्त पूर्वेकडे तोंड करावे लागते. त्या काळच्या मिशनरी लेखनात या देशाचा, येथील लोकांचा उल्लेख अंधारात बसलेले लोक असा वारंवार येई. मूळ यशयाच्या वचनात हे शब्द पीडितांविषयीच्या करुणेने आले होते. साम्राज्याच्या काळात त्यांत राज्यकर्त्याची उंची मिसळली. प्रकाश देणारा एक देश आणि घेणारा दुसरा देश, अशी विभागणी झाली.

याच्याशेजारी आपल्या नियतकालिकांची नावे ठेवून पाहावीत. १९२० चा ‘मूकनायक’, १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’, १९३० ची ‘जनता’ आणि १९५६ चे ‘प्रबुद्ध भारत’. यांपैकी एकाही नावात सूर्य उगवत नाही. मुका आहे, बहिष्कृत आहे, जन आहेत आणि अखेर जागा झालेला आहे. जागे होणे ही पहाटेने करून देण्याची क्रिया नव्हे. ज्याचे त्याने जागे व्हावयाचे असते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शब्दनिवडीचा हा क्रम आम्हांला केवळ योगायोगाचा वाटत नाही.

३. पालि वाङ्मयातील दीप आणि डोळा

पालि वाङ्मयात प्रकाशाची रूपके नाहीत असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. तथागतांना आदिच्चबंधु, म्हणजे सूर्याचे बांधव, असे विशेषण आहे. पूजाविधीत दीप अर्पण करताना जी गाथा आपण म्हणतो, तीत त्यांना तिन्ही लोकांचा दीप आणि तमाचा नाश करणारा म्हटले आहे. तेव्हा भेद प्रकाशाच्या असण्यानसण्यात नाही. भेद आहे तो प्रकाश आणि डोळा यांच्या क्रमात.

सारनाथ येथील पहिल्या उपदेशात तथागत आपल्या ज्ञानप्राप्तीचे वर्णन पाच शब्दांनी करतात : चक्खु, ञाण, पञ्ञा, विज्जा आणि आलोक. पूर्वी कधी न ऐकलेल्या गोष्टींविषयी हे पाच त्यांच्या ठायी उत्पन्न झाले. यात सर्वांत आधी डोळा आहे आणि प्रकाश सर्वांत शेवटी आहे. ‘उत्पत्ती’मध्ये प्रकाश प्रथम आणि पाहणारा अखेरीस, येथे पाहणे प्रथम आणि प्रकाश अखेरीस. दोन्ही परंपरांतील अंतर एका वाक्यात सांगायचे झाल्यास ते असे सांगता येईल.

सुत्तांच्या शेवटी उपासक जे धन्यवादाचे शब्द उच्चारतात तेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. पालथे पडलेले सुलटे करावे, झाकलेले उघडावे, वाट चुकलेल्याला वाट दाखवावी आणि ज्यांना डोळे आहेत त्यांना रूपे दिसावीत म्हणून अंधारात तेलाचा दिवा धरावा, तसा आपण धम्म प्रकट केला, असा त्यांचा आशय आहे. दिवा धरणारा डोळे देत नाही. डोळे ऐकणाऱ्याचेच आहेत, आणि ते आहेत असे गृहीत धरले आहे. हा श्रोत्याचा केवढा मोठा सन्मान आहे, हे ज्या समाजाला शतकानुशतके डोळे नाहीतच असे सांगण्यात आले त्यानेच ओळखावे. तेलाचा दिवा म्हटला की तेल कोणीतरी घालावे लागते, वात कोणीतरी वळावी लागते, हेही ओघानेच आले.

‘अत्तदीप’ या सामासिक पदाचीही येथे आठवण होते. पालित ‘दीप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक संस्कृत ‘दीप’, म्हणजे दिवा. दुसरा संस्कृत ‘द्वीप’, म्हणजे पाण्यातील बेट. महापरिनिब्बाणाच्या प्रसंगातील हा शब्द अट्ठकथा बेटाच्या अर्थाने घेते. आपल्याकडे दिव्याचा अर्थ रूढ झाला आहे. विद्वानांचा हा वाद मिटो वा न मिटो, आधार शोधायचा तो स्वतःत आणि धम्मात, अन्य कोणात नव्हे, हा आशय दोन्ही अर्थांत अबाधित राहतो. बेट असो की दिवा, तो आकाशातून उतरत नाही.

आता एका अवघड स्थळाकडे वळले पाहिजे. संयुत्तनिकायात राजा पसेनदीला तथागत चार प्रकारची माणसे सांगतात : अंधारातून अंधाराकडे जाणारा, अंधारातून प्रकाशाकडे जाणारा, प्रकाशातून अंधाराकडे आणि प्रकाशातून प्रकाशाकडे जाणारा. येथे ‘अंधारात असलेला’ म्हणून ज्या कुळांची गणना केली आहे त्यांत चंडाल, निषाद, रथकार, पुक्कुस अशी नावे आहेत. ही यादी वाचताना आपल्या वाचकाला वेदना होणे स्वाभाविक आहे, आणि ती लपवून पुढे जाणे पालीच्या अभ्यासकाला शोभणार नाही. बायबलमधील अंधाराची चिकित्सा करताना आपल्या ग्रंथातील अंधार झाकून ठेवता येणार नाही.

मात्र त्या अंधाराचे वर्णन लक्षपूर्वक वाचावे. तो पापाचा अंधार नाही, अश्रद्धेचाही नाही. ज्याला पोटभर अन्न नाही, वस्त्र नाही, अंथरूण नाही, निवारा नाही आणि दिवा लावण्याचे साहित्यही मिळत नाही, अशा माणसाची स्थिती तेथे सांगितली आहे. रूपकाचा अंधार शेवटी खऱ्या, तेलावाचूनच्या अंधाराला येऊन भिडतो. आणि दिशा ठरते ती जन्माने नव्हे, तर काया, वाचा व मन यांच्या आचरणाने. कुलीन प्रकाशातून अंधाराकडे जाऊ शकतो. तरीही एक प्रश्न उरतोच. अंधारातून एकेकट्याने चालत बाहेर पडावयाचे, की तो अंधार निर्माण करणारी व्यवस्थाच मोडावयाची? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा सामाजिक अर्थ पुढे आणला तो याच प्रश्नाचे उत्तर म्हणून, असे आम्ही समजतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाशी आपला खरा संवाद येथे होऊ शकतो.

एका तुलनेने हा भाग पुरा करू. बायबलचे शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’. त्यातील नव्या नगरीला सूर्यचंद्रांची गरज नाही, कारण देवाचे तेज तिला उजळते. ‘उदान’ या ग्रंथात बाहियाच्या निर्वाणाच्या प्रसंगी असे एक पद वर्णिले आहे की जिथे तारे चमकत नाहीत, सूर्य प्रकाशत नाही, चंद्र शोभत नाही, आणि तरीही अंधार नाही. दोन्ही ठिकाणी सूर्य निवृत्त होतो. परंतु बायबलमध्ये त्याची जागा दुसरे तेज घेते. उदानात ती जागा कोणालाही दिलेली नाही. ज्या परंपरेत राग, द्वेष आणि मोह यांनाच आग म्हटले आहे आणि मुक्तीला विझणे म्हटले आहे, तिला अखेरचा सिंहासनस्थ प्रकाश नको असतो.

४. पुन्हा कार्ला

या विवेचनानंतर कार्ल्याच्या चैत्यगृहात पुन्हा प्रवेश करावा. ते सुमारे १२४ फूट लांब आहे. छताखालील सागवानी कमानी आणि स्तूपावरील लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. लेणे पश्चिमाभिमुख असल्याने दिवस कलू लागला की भव्य कमानीतून उजेड आत शिरतो. ख्रिस्ती परंपरेत पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करण्याची जुनी रीत आहे. तिला अनुसरून बांधलेल्या उपासनागृहांत वेदी पूर्वेस असते आणि सकाळचा प्रकाश भाविकाच्या समोरून येतो. कार्ल्यात वंदन करणारा स्तूपाकडे तोंड करतो तेव्हा प्रकाश त्याच्या पाठीमागून, ज्या दाराने तो स्वतः आत आला त्या दाराच्या बाजूने येतो. त्याला दिसतो तो प्रकाशाचा उगम नव्हे, तर प्रकाशाने दिसणारी वस्तू. स्तूप स्वतः प्रकाशत नाही. तो निघून गेलेल्या शास्त्याचे स्मारक आहे. कोरीव दगड आहे.

लेणे कोरणाऱ्यांनी हाच अर्थ मनात धरला होता असा आमचा दावा नाही. तेथील शिलालेख प्रकाशाविषयी काही बोलत नाहीत. ते माणसांविषयी बोलतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचे यवन, नहपानाचा जावई उषवदात यांच्याबरोबरच दाराशी संबंधित लेखांत एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि एक सुतार यांची नावे येतात. ज्या बाजूने उजेड आत येतो तेथे एका सुताराचे नाव कोरलेले आहे, ही वस्तुस्थिती आम्हांला पुरेशी बोलकी वाटते. समोरच्या डोंगरातील भाजे लेण्यांत विहाराच्या ओसरीत रथारूढ पुरुषाचे शिल्प आहे. अनेक अभ्यासक त्याला सूर्य मानतात, काहींना ही ओळख मान्य नाही. तो सूर्य असेलच तर त्याचे स्थान दाराशेजारी, ओसरीत आहे. चैत्यगृहाच्या गाभ्यात, वंदनेच्या जागी, तो नाही.

५. आपल्यासाठी

बाबासाहेबांना सूर्य म्हणण्याची रीत आपल्या गीतांत आणि भाषणांत रुळली आहे. ज्या घरात खरोखर दिवा नव्हता त्या घरातील माणसाने हा शब्द उच्चारला तर त्यामागची कृतज्ञता कोणाही समीक्षकाच्या आक्षेपाहून मोठी आहे, हे आम्ही जाणतो. तरीही रूपकाला स्वतःचे वजन असते. सूर्याखाली बसणारा केवळ ऊब घेतो; सूर्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याचे काम पुढे नेता येत नाही. बाबासाहेबांनी मार्गदाता आणि मोक्षदाता असा भेद करून तथागतांना मार्गदात्याच्या जागी ठेवले. त्याच बाबासाहेबांना आपण नकळत मोक्षदात्याच्या जागी नेऊन बसवीत असू, तर ते रूपक योहानाच्या शुभवर्तमानाचे आहे, सारनाथचे नाही. योहानाच्या परंपरेत ते सुसंगत आहे. आपल्या परंपरेत ते विसंगत ठरते.

भाजे येथील शिबिरकेंद्राला ‘सद्धम्म प्रदीप’ असे नाव आहे. या नावातील दिवा कोणा व्यक्तीचा नाही, सद्धम्माचा आहे. आमच्या मते रूपकाचा हा योग्य वापर आहे. तेव्हा सूर्य हा शब्द टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. तो उच्चारताना चक्खु आधी आणि आलोक नंतर, हा क्रम मात्र ध्यानात असावा. आपल्या विहारांत दर पौर्णिमेला मेणबत्त्या लागतात. त्या उजेडात मुलांनी कोणते पुस्तक उघडले, कोणता प्रश्न विचारला आणि शेजारच्या कोणत्या घरात अद्याप अंधार आहे हे कोणाच्या ध्यानात आले, यावरच त्या दीपपूजेचे मूल्य ठरेल.